योसेफाच्या ओळीतला बरकू

नाताळ अंकासाठी लेख मागताना संपादकांनी फोनवर बजावलं, "मार्थाबाई, गोठा, मेंढपाळ आणि तारा सोडून काहीही लिहा. त्यांचे ढीगभर लेख आलेत." मी म्हटलं, ठीक आहे, मग नाताळच्या गोष्टीतलं जे पान सगळे उलटतात त्यावरच लिहिते. मत्तयाचा पहिला अध्याय, गोठ्यातल्या त्या बाळाची वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला. उपासनेत हा उतारा वाचायला दिला की भल्याभल्यांचा घसा त्याच दिवशी बसतो.

मी बायबलबाई होते. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाळक प्रवचन करतात, लग्नं लावतात, माती देतात. बायबलबाईकडे यातलं काही नसतं. तिने घरोघर जायचं, वाचता न येणाऱ्यांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, बाप्तिस्म्याला उभ्या राहणाऱ्या बायकांची तयारी करून घ्यायची, आणि बोलावलेलं नसलं तरी चहा प्यायचा. पगार बेताचा, चपला मात्र भरपूर लागतात. उभा जन्म नगरकडे हे काम केलं आणि निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना, २०१४ साली, मला डहाणूला पाठवलं. म्हणाले, समुद्राची हवा मानवेल. समुद्र मी आठवड्यातून एकदा पाहायचे, बाकीचे दिवस चारोटीला जीप बदलून तलासरीच्या पाड्यांवर.

माझी कामाची पद्धत साधी होती. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि म्हणायचं, "आता तुम्ही सांगा." माणूस जे परत सांगतो तेवढंच त्याच्या पोटात गेलेलं असतं. उधळ्या पुत्राची गोष्ट परत सांगताना एका आजीने त्यात आई घातली, मुलगा परतल्याच्या मेजवानीत सगळ्यांना वाढणारी. मी म्हटलं, "आजी, पुस्तकात आई नाही." ती म्हणाली, "मंग एवढं जेवण रांधला कोणी?" याचं उत्तर मला धर्मशिक्षणात कोणी दिलं नव्हतं. मी आईला राहू दिलं.

या भागात आल्यावर एक गोष्ट पहिल्याच महिन्यात लक्षात आली. इथे कुठेही जा, नाव विचारायच्या आधी माणसं विचारतात, तुम्ही कोणाचे. वाढवणला बोंबील सुकवणारी एक मावशी होती. ख्रिस्ती नव्हती, पण कानाला काहीतरी हवं म्हणून मला बसवून घ्यायची. तिनेही आधी माझ्या आजोबांपर्यंत चौकशी केली आणि मगच म्हणाली, "हां, आता वाच." त्या दिवसांत गावात बंदराच्या विरोधात सभा चालायच्या. मी अब्राहामाला देवाने दिलेलं वचन वाचलं, की ही भूमी मी तुझ्या वंशाला देईन. मावशी म्हणाली, "दिली म्हंजे? लिवून दिली का गो?" मी म्हटलं, "लिहून नाही. सांगून दिली. त्याला सांगितलं, मग त्याच्या मुलाला सांगितलं, मग नातवाला." ती बोंबील उलटत म्हणाली, "दर पोराला येऊन सांगायचा म्हंजे तुझा देव चिवट हाय." देवाच्या विश्वासूपणावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. पण चिवट हा शब्द मला तिने दिला, आणि तो मी अजून वापरते.

वंशावळीशी माझी ओळख मात्र जुनी. आमचे वडील मिशन शाळेत मास्तर. लहानपणी मी थाप मारताना सापडले की ते मला मत्तयाची वंशावळ पाठ म्हणायला लावत. मी बऱ्याच थापा मारल्या असाव्यात, कारण ती मला अजून घडाघडा येते. शिक्षा म्हणून घोकलेली ती नावं पुढे मला आवडायला लागली. तोंडाने नुसतं म्हणत राहिलं की कळत नाही, पण एकदा सावकाश म्हणून पाहा. तामार येते, जिला सासरच्यांनी फसवलं होतं. राहाब येते, जिच्या नावाआधी गाव एक वाईट शब्द लावत असे. परमुलखातली विधवा रूथ येते. उरीयाची बायको येते, आणि तिथे तर मत्तय नवऱ्याचं नाव मुद्दाम घेतो, की राजाने त्याला मारवून त्याची बायको घेतली हे कोणी विसरू नये. एखाद्या घराण्याने असल्या गोष्टी झाकून ठेवल्या असत्या. इथे त्या पहिल्याच पानावर आहेत. पुढे राजवाडा जातो, मंदिर जातं, सगळी माणसं बाबेलला कैदेत जातात, तरी अमक्याला तमका झाला हे चालूच. सादोक, याखीम, एलीहूद. या माणसांनी काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही. जगले, संसार केले, गेले. विहिरीतून घागर जशी हातोहात वर येते, तसं देवाचं वचन त्यांच्या हातांतून पुढे आलं, आणि बहुतेकांना आपल्या हातात काय आहे हे कळलंसुद्धा नसेल. मला या माणसांचं फार कौतुक आहे, आणि त्यांना न विसरणाऱ्या देवाचं त्याहून जास्त.

आता ज्या घरासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या घराकडे येते.

तलासरीच्या पुढे एका पाड्यावर लखमी आणि बरकू राहायचे. दोघं शेतमजूर, भाताचा एक तुकडा स्वतःचा. देवधर्म त्यांचा त्यांच्या रीतीचा. हिरवा देव, कणसरी माता, नव्या भाताचा पहिला घास पूर्वजांना. त्यांची मुलगी सुनंदा वसतिगृहात राहून शिकली, डहाणूच्या एका दवाखान्यात कामाला लागली, आणि स्वतःच्या मनाने आमच्या मंडळीत आली. तिची बाप्तिस्म्याची तयारी मी करून घेतली. तिच्याबरोबर कधीमधी घरी जायचे, आणि घरचे दोघंही वाचलेलं ऐकायला बसायचे. लखमी परत सांगण्यात पटाईत. बरकू कधी तोंड उघडायचा नाही. तो कोपऱ्यात बांबूच्या कामट्या सोलत बसायचा.

एका डिसेंबरात मी तिथे वंशावळ वाचली. कंटाळतील असं वाटलं होतं, पण ही माणसं नावं ऐकताना कंटाळत नाहीत. लखमीने रूथ आणि बवाजापर्यंत परत सांगितलं आणि अडकली. तेव्हा कोपऱ्यातून बरकू बोलला.

"बाय, शेवटचं नाव योसेफाचं ना?"

"हो."

"पण पोर तर त्याचं नाय. तुमीच मागं सांगला. मंग ही एवढी नावं त्याच्या दारात कशाला आणली?"

हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांनी विचारलेला आहे. मी मला जमेल तसं सांगितलं. "देवदूताने योसेफाला सांगितलं की बाळाचं नाव तू ठेव. त्याने ठेवलं. त्यांच्यात ज्याने पोराचं नाव ठेवून त्याला आपलं म्हटलं, तो बाप. म्हणून सगळी नावं त्याच्या दारात आली."

"हां," बरकू म्हणाला आणि पुन्हा कामटी सोलायला लागला.

परत निघताना लखमी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि तिने आपण होऊन सांगितलं. सुनंदा बरकूची नाही. तिचा जन्मदाता मच्छीमार बोटीवर कामाला गुजरातकडे गेला, तेव्हा ती पोटात होती. तो आलाच नाही. बुडाला म्हणावं तर कोणी पाहिलं नाही, दुसरं घर केलं म्हणावं तर कोणी सांगितलं नाही. पुढे बरकू घरात आला. पोरीला सगळे नुसतं बारकी म्हणायचे. शाळेत घालायच्या दिवशी बरकूने तिला खांद्यावर बसवून नेलं. गुरुजींनी नाव विचारलं. नाव तर नव्हतंच. पोरगी तापाने फणफणली होती तेव्हा जिने तिला वाचवलं होतं त्या दवाखान्यातल्या सिस्टरचं नाव बरकूला आठवलं, आणि त्याने तेच सांगितलं. बापाचं नाव विचारलं तेव्हा स्वतःचं सांगितलं. एवढंच. पुन्हा त्यावर घरात कोणी बोललं नाही.

मी जीपमध्ये बसले तेव्हा मला रडू आवरेना. शेजारच्या बाईला वाटलं, कोणी गेलं.

सुनंदाचं लग्न ठरलं ते प्रशांतशी. मुलगा फुग्यांच्या कारखान्यात सुपरवायझर, स्वभावाने गरीब. त्याचे वडील शमुवेलराव म्हणजे आमच्या मंडळीचे खांब. निवृत्त हेडमास्तर, आवाज खणखणीत, इस्त्री कडक. आमच्या पाळकांकडे तीन गावं होती, ते नसतील त्या रविवारी उपासना शमुवेलराव चालवायचे आणि घड्याळ त्यांच्यावर लावावं अशी चालवायचे. मुलगी आदिवासी म्हणून त्यांनी एका शब्दाने नाराजी दाखवली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण पाड्यावरच्या कोणाकडून तरी त्यांना बोटीवरच्या माणसाबद्दल कळलं, आणि हेही कळलं की लखमी-बरकूचं लग्न कधी लागलेलंच नाही.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, नावं पुकारतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कोणाची हरकत असेल तर सांगावी. शमुवेलराव मला म्हणाले, "मार्थाबाई, मुलगी मला पसंत आहे. पण देवाच्या घरात मी खोटं पुकारू देणार नाही. जो तिचा बाप नाही आणि ज्याने तिच्या आईशी लग्नही केलेलं नाही, त्याचं नाव बाप म्हणून कसं घ्यायचं? खऱ्या बापाचं घ्या. नाहीतर नुसतं आईचं घ्या."

मी पुष्कळ वाद घातला. कागदावर नाव बरकूचंच आहे, म्हटलं. ते म्हणाले, कागद शाळेचा आहे, मंदिर देवाचं आहे. सुनंदाला कळलं तेव्हा तिने आवाजसुद्धा चढवला नाही. "बाबाचं नाव नसेल तर माझंही पुकारू नका," म्हणाली आणि ड्युटीला गेली. प्रशांत आठवडाभर नीट जेवला नाही. आणि बरकू? त्याला कोणी काही सांगितलं नाही असं आम्ही समजत होतो. अशा गोष्टी पाड्यावर पोचायला फोन लागत नाही.

शेवटी शमुवेलराव म्हणाले, मी स्वतः जाऊन ते घर बघतो, मग ठरवू. मे महिना होता. मी त्यांना घेऊन निघाले. निरोप पाठवलेला होता, पण तिकडून काही उत्तर आलं नव्हतं.

पाड्याच्या तोंडाशीच वाजंत्री ऐकू आली. लखमीच्या अंगणात मांडव. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला ताजा चौक, लगनात काढतात तो. धवलेरी, म्हणजे त्यांच्यात लग्न लावणारी बाई, गाणं म्हणत होती. आणि दारात हळदीने माखलेली सुनंदाच बायकांना पाणी देत होती. शमुवेलराव जागच्या जागी थांबले. चेहरा लाल.

"मार्थाबाई, हा काय प्रकार आहे? मुलगी दुसरीकडे देताहेत? आणि तुम्ही मला इथे घेऊन आलात?"

क्षणभर मलाही तेच वाटलं. मग मांडवात नजर गेली आणि हसू फुटलं. "हळद सगळ्यांनाच लागते इथे. नवरी ती नव्हे. नवरी तिथे बसलीय, पाटावर. तुमच्या विहीणबाई."

लखमी पाटावर बसली होती. केस पिकलेले, गालावर हळद, आणि अशी लाजलेली की विशीतल्या पोरीने शिकावं. शेजारी बरकू, खाली मान घालून.

मग मी शमुवेलरावांना समजावलं. या पाड्यांवर जोडपी लगीन न लावता वर्षानुवर्षं नांदतात आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. लगीन म्हणजे धवलेरी, वाजंत्री, गावाला जेवण. जमेल तेव्हा करायचं. अट एकच. मुलांचं लगीन लागण्याआधी आईबापांचं लागलं पाहिजे. कधीकधी एकाच मांडवात आधी आईबापांचं लागतं, मग मुलांचं. बरकूच्या कानावर आमच्याकडचं बोलणं गेलं होतं. त्याने कोणाशी वाद घातला नाही, कोणाला विचारलं नाही. मुलीच्या लग्नात बापाने जे आधी करायचं असतं ते करायला घेतलं होतं.

आम्हाला खाटेवर बसवलं. समोर बरकूचा मामा रूपजी येऊन उकिडवा बसला. वय झालेलं, दृष्टी अधू. त्याने पाहुण्याला रीतीप्रमाणे विचारलं, "राम राम. तुमी कोणाचे?"

"मी शमुवेल. दानीएल मास्तरांचा मुलगा."

"आन् त्याचा बाप?"

"योना. ते मिशनच्या बागेत माळी होते."

"आन् त्याचा?"

"सीमोन. माझे पणजोबा." शमुवेलरावांचा आवाज मंदिरात असतो तसा झाला. ही गोष्ट ते दर कापणीच्या सणाला सांगायचे. "मोठ्या दुष्काळात ते रस्त्याच्या कडेला पडलेले सापडले. तीन-चार वर्षांचं पोर. स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. एका उपदेशकाने उचलून घरी नेलं, नाव ठेवलं, आपल्या मुलांत वाढवलं. त्यांचंच नाव त्यांनी बाप म्हणून लावलं, आणि आम्ही सगळे…"

आणि ते थांबले. ही गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली होती. त्यांनी तर आयुष्यभर सांगितली होती, आमचं उपदेशकांचं घराणं म्हणून. आम्हा दोघांनाही ती त्या खाटेवर बसेपर्यंत ऐकू आली नव्हती.

रूपजीने रीत पुरी केली. "आन् त्याचा खरा बाप?"

"ठाऊक नाही," शमुवेलराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. "ज्यांनी उचललं तेच."

रूपजीने मान डोलावली. "बरं केलं त्यांनी," म्हणाला आणि पाणी आणायला हाक मारली.

शमुवेलराव मांडवाकडे वळले. मग हळूच म्हणाले, "मार्थाबाई, यांचं पूर्ण नाव काय?"

"बरकू जेठ्या वरठा."

ते त्यांनी ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटलं. आम्ही लगीन लागेपर्यंत थांबलो, आणि जेवूनच निघालो.

इथे माझं एक सांगते. मी लग्न केलं नाही. आमच्या वडिलांची ओळ माझ्यापाशी थांबते. याचं मला वाईट वाटतं, आणि नाताळात जरा जास्त वाटतं, कारण तेव्हा सगळ्यांच्या घरी मुलंबाळं येतात. पण शास्त्रातल्या लांबलचक नावांच्या पानांत, जिथे कोणी फिरकत नाही, तिथे एक सलेद नावाचा माणूस आहे. तो निपुत्रिक मेला, एवढंच त्याच्याबद्दल लिहिलंय. ज्याच्यापुढे काही नव्हतं त्याचं नाव लिहायची काय गरज होती? मला वाटतं, देवाला नुसती ओळ चालवायची नव्हती, त्याला माणसं हवी होती. पाड्यावरून परतताना त्या दिवशी जीपमध्ये मला हा सलेद आठवला आणि पुष्कळ बरं वाटलं.

पुढच्या रविवारी पाळक दुसऱ्या गावी होते. उपासना शमुवेलरावांची. सुनंदा आईबाबांना घेऊन आली होती. बरकू पहिल्यांदाच मंदिरात आला होता. लगनातला पांढरा सदरा घालून तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला, चपला बाकाखाली न ठेवता मांडीवर धरून. मी त्या मांडीवरून काढून खाली ठेवल्या.

जाहिरातींची, म्हणजे नावं पुकारायची, वेळ आली. शमुवेलराव उभे राहिले. आवाज नेहमीपेक्षा सावकाश. "प्रशांत, शमुवेल यांचा मुलगा, या मंडळीचा. आणि सुनंदा, बरकू जेठ्या वरठा यांची मुलगी…"

बरकू उभा राहिला.

त्याच्या आयुष्यात त्याचं पूर्ण नाव फक्त तहसील कचेरीत नाहीतर रेशनच्या रांगेत पुकारलं गेलं होतं. तिथे नाव पुकारल्यावर उभं राहून ओ दिली नाही तर पाळी जाते. त्याने हात वर केला आणि सगळ्या मंदिराला ऐकू जाईल असं म्हणाला, "हाय. मी हाय."

कोणी हसलं नाही. सुनंदाने मान खाली घातली, तिचे खांदे हलत होते. शमुवेलरावांनी आयुष्यात कधी उपासना मध्ये थांबवली नव्हती. ते थांबले. कागद खाली घेतला आणि शेवटच्या बाकाकडे बघत म्हणाले, "सलाम, व्याही."

मग कागद वर घेऊन त्यांनी राहिलेलं वाक्य वाचलं. या विवाहाला कोणाची हरकत असल्यास त्याने आत्ता सांगावी. बरकू अजून उभाच होता.